इंग्रजीतलं ‘गेट’: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

इंग्रजी शिकायला बसलेल्या माणसाला मोठमोठे शब्द फारसे छळत नाहीत. ते एकदा पाठ केले की झालं. छळतात ते रोज कानावर पडणारे बारके शब्द, आणि त्यांत पहिला नंबर ‘गेट’चा. अमळनेर-शिरपूरच्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं असोत, रावेर-सावद्याकडून दिल्लीच्या व्यापाऱ्याला केळी पाठवणारे शेतकरी असोत, नाहीतर भुसावळ स्टेशनात परप्रांतीय प्रवाशांशी दिवसभर बोलणारे दुकानदार असोत, सगळ्यांनी शाळेत एकच ओळ घोकलेली असते: गेट म्हणजे मिळणे. मग ‘इट इज गेटिंग लेट’ समोर आलं की गाडी अडते. यात काय मिळतंय, आणि कोणाला?

याचे अर्थ पाठ करू नका, एवढंच माझं सांगणं आहे. इंग्रजी शब्दकोशात गेटचे अर्थ पानंच्या पानं चालतात. ते कोणाच्याही डोक्यात राहत नाहीत, आणि इंग्रजी बोलणारं पोरही ते पाठ करून बोलत नाही. गेटच्या मागून कोणता शब्द येतोय ते बघायचं. अर्थ तिथे ठरतो. ही नजर बसायला थोडे दिवस जातात, पण एकदा बसली की जात नाही.

आधी आपलं ‘लागणे’ बघा

इंग्रजीकडे वळण्याआधी घरातलंच एक क्रियापद हातात घ्या. भूक लागते, नोकरी लागते, फोन लागतो, सवय लागते, लग्न लागतं, मार लागतो, घरी जावं लागतं. एवढ्या सगळ्या ठिकाणी एकच ‘लागणे’ आहे, आणि त्याचा अर्थ काय असं कोणी विचारलं तर आपल्यालाही पटकन सांगता येत नाही. तरी अहिराणीत ‘माले भूक लागनी’ म्हणणारं लहान लेकरू कधी चुकत नाही, कारण ते अख्खं वाक्य उचलतं, सुटा शब्द उचलत नाही.

लागणेचं मूळ संस्कृत ‘लग्’ या धातूत आहे. लग् म्हणजे चिकटणे, जोडलं जाणे. ‘लग्न’ हा शब्दही त्यातूनच आला. चिकटण्यापासून निघालेलं क्रियापद भुकेपर्यंत आणि नोकरीपर्यंत पोचलं, ते वापरून वापरून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठी क्रियापदांच्या धातूंचा मोठा संग्रह केला होता. १९२६ मध्ये त्यांचं निधन धुळ्यात झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं आहे. क्रियापदांची मुळं शोधण्याचं काम आपल्या भागाला नवीन नाही, हे धुळ्याच्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

आता वरची वाक्यं इंग्रजीत नेऊन बघा. भूक लागणे म्हणजे ‘गेट हंग्री’, नोकरी लागणे ‘गेट अ जॉब’, पलीकडच्या माणसाला फोन लागणे ‘गेट थ्रू’, सवय लागणे ‘गेट यूज्ड टू’, लग्न होणे किंवा लागणे ‘गेट मॅरिड’. जावं लागणे हे ‘हॅव गॉट टू गो’. जोडी किती जवळची आहे! पण ती सगळीकडे जुळत नाही, हेही लगेच लक्षात घ्या. झोप लागते तेव्हा इंग्रजीत ‘फॉल अस्लीप’ म्हणतात, वेळ लागतो तेव्हा ‘टेक’ येतं, पैसे लागतात तेव्हा ‘नीड’ किंवा ‘कॉस्ट’. म्हणून लागणेचं भाषांतर गेट असं वहीत लिहून ठेवू नका. एकाच क्रियापदाला इतकी कामं असू शकतात, याची भीती मात्र आता जायला हवी.

शब्द आला कुठून

ही पायरी परीक्षेत विचारत नाहीत, पण ती ओलांडून पुढे गेलेल्याला गेट परका वाटत राहतो.

गेट हा मुळात इंग्लंडचा शब्दच नाही. तो आला समुद्रापलीकडून, व्हायकिंग लोकांबरोबर. ७९३ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर त्यांनी हल्ला केला. पुढे ८६५ नंतर त्यांची मोठी फौज आली आणि त्यातले बरेचजण उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये शेती करून राहिले. शेजार झाला, सोयरिकी झाल्या, बाजार एक झाला आणि शब्द मिसळले. स्काय, नाइफ, विंडो, टेक हे सगळे त्यांच्या उत्तरेकडच्या भाषेतले. ‘ते’ या अर्थाचं ‘दे’सुद्धा तिकडचंच. सर्वनाम उसनं घेणं ही भाषांमध्ये फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. त्यावरून हे दोन समाज किती जवळ राहत असतील ते समजतं.

त्या भाषेत ‘गेता’ असं क्रियापद होतं. अर्थ: मिळवणे, जन्म देणे, आणि तर्क करणेसुद्धा. आजच्या आइसलँडच्या भाषेत ‘गेता’ जिवंत आहे आणि त्यात ‘शकणे’ आणि ‘तर्क करणे’ हे अर्थ आहेत. इंग्रजीत ‘आय गेट इट’ म्हणजे ‘मला समजलं’ हा अर्थ ऐकला की मला या जुन्या नात्याची आठवण होते, जरी हा वापर नंतरचा असला तरी.

इंग्लंडच्या जुन्या भाषेतही या कुळातलं क्रियापद होतं, पण ते बहुतेक जोडशब्दांतच राहिलं होतं. ‘फर्गेट’ म्हणजे विसरणे हा त्यातलाच एक. ‘बिगेट’ म्हणजे जन्म देणे हा दुसरा. गंमत उच्चारात आहे. त्या देशी रूपात ‘ग’चा ‘य’सारखा उच्चार होत असे. त्याच वाटेने शब्द आला असता तर आज इंग्रज माणूस ‘येट’ म्हणाला असता. कडक ‘ग’ टिकला, तो उत्तरेच्या प्रभावाने. आणखी मागे गेलं तर हेच मूळ लॅटिनमधल्या ‘पकडणे’ या क्रियापदाशी जाऊन भिडतं, ज्यातून ‘कॉम्प्रिहेन्ड’ आणि ‘प्रिझन’ निघाले. म्हणजे हाती धरणे हा पहिला अर्थ, आणि बाकी सगळे त्याचे फाटे.

बोली मिसळताना गोंधळही होतात. विल्यम कॅक्सटन हा इंग्लंडमधला पहिला छापखानदार. १४९० मध्ये त्याने एक हकीकत लिहून ठेवली आहे. टेम्स नदीतून जहाजाने निघालेले काही व्यापारी वाटेत किनाऱ्यावर उतरतात, त्यांतला एकजण एका बाईकडे ‘एग्ज’ मागतो, आणि ती म्हणते मला फ्रेंच येत नाही. तिच्या बोलीत अंड्याला ‘एयरेन’ म्हणत. ‘एग’ हाही उत्तरेकडचाच शब्द. चाळीसगावची अहिराणी आणि यावलची तावडी एका घरात नांदते तिथे असे प्रसंग आपणही पाहिलेले आहेत.

उच्चार आणि रूपं

मराठीत लिहिताना फाटकाचं ‘गेट’ आणि हे क्रियापद ‘गेट’ एकसारखंच दिसतं. बोलताना तसं होऊ देऊ नका. फाटकाचा ‘ए’ लांब आणि शेवटी किंचित ‘इ’कडे झुकणारा असतो, क्रियापदाचा ‘ए’ आखूड, झटकन तोडलेला. आपला मराठी ‘ए’ लांबच असतो, म्हणून आपलं क्रियापद ऐकणाऱ्याला फाटक वाटतं. अमेरिकन माणसाचं बोलणं ऐकत असाल तर आणखी एक खूण: पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की त्यांचा ‘ट’ मऊ पडून ‘ड’ किंवा ‘र’सारखा ऐकू येतो. ‘गेट अप’चं ‘गेडप’ होतं. ऐकायला शिका, तसं बोलायची गरज नाही.

रूपं सोपी आहेत. आज गेट, काल गॉट, तिसरं रूप ब्रिटनमध्ये गॉट आणि अमेरिकेत गॉटन. गॉटन हे चुकीचं आहे असं कोणी सांगितलं तर मानू नका. ते जुनंच रूप आहे. ब्रिटनमध्ये मागे पडलं, अमेरिकेत टिकलं, आणि ब्रिटिशांच्या ‘फर्गॉटन’मध्ये ते अजूनही बसलेलं आहे.

आणि एक चूक जी मी सगळ्यात जास्त ऐकतो: ‘डिड यू गॉट माय मेसेज?’ ‘डिड’ आलं की भूतकाळ तिथे संपला, पुढे मूळ रूप. ‘डिड यू गेट माय मेसेज?’ मुलाखतीत ही एक चूक सुधारली तरी बोलणं लगेच नीट वाटायला लागतं.

मागून काय आलं ते बघा

आता मुख्य काम. केळी पाठवणाऱ्याने व्यापाऱ्याला पाठवावा तसा एक छोटा निरोप घेऊ. रावेरहून माल निघाला आहे, बऱ्हाणपूर-खंडव्यावरून इंदूरकडे.

‘वुई गॉट द ट्रक लेट. इट गॉट डार्क. द ट्रक गॉट टू इंदोर ॲट टेन. सम बंचेस गॉट डॅमेज्ड.’

चार वाक्यं, चार वेळा गॉट, चार कामं. पहिल्यात गॉटनंतर वस्तू आहे, ट्रक. वस्तू आली की अर्थ मिळणे, आणणे किंवा घेणे: गाडी उशिरा मिळाली. दुसऱ्यात ‘डार्क’ हे विशेषण आहे. विशेषण आलं की अर्थ होणे: अंधार झाला. तिसऱ्यात ‘टू’ आणि गावाचं नाव. मुक्काम आला की अर्थ पोचणे. चौथ्यात क्रियापदाचं तिसरं रूप आहे. तिथे कर्त्यावर काहीतरी गुजरलं असं समजायचं: काही घडांना मार लागला. बघा, इथे मराठीतही ‘लागला’च आलं.

हा निरोप मोठ्याने वाचा, मग आपल्या धंद्यातला तसाच निरोप तयार करा. कापसाचा, सोन्याच्या दुकानाचा, दूध डेअरीचा, चालेल तो. गेटची निम्मी गाठ इथेच सुटते.

वस्तू आणि विशेषण यांच्यामधला फरक कधीकधी एका ‘अ’वर उभा असतो. ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली. ‘आय गॉट कोल्ड’ म्हणजे मी गारठलो. जानेवारीच्या पहाटे तापीकाठच्या शेतात पाणी भरायला गेलेल्या माणसाला दुसरं वाक्य हवं असतं. दवाखान्यात डॉक्टरसमोर बसलेल्याला पहिलं. आपल्या भाषांमध्ये हा ‘अ’ नाही, म्हणून तो तोंडातून गळतो. कान लावून तो परत आणावा लागतो.

मुक्कामाबद्दल एवढंच: गावापुढे ‘टू’ लागतो, पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्यापुढे लागत नाही. ‘आय गॉट टू धुळे’ बरोबर, ‘आय गॉट होम’ बरोबर, ‘आय गॉट टू होम’ चूक.

तिसऱ्या रूपाच्या वाक्यात मराठी माणसाला फायदा आहे, कारण ‘होता’ आणि ‘झाला’ यातला फरक आपल्या रक्तात आहे. ‘ही वॉज मॅरिड’ म्हणजे त्याचं लग्न झालेलं होतं, ही स्थिती. ‘ही गॉट मॅरिड’ म्हणजे त्याचं लग्न झालं, ही घटना. जिथे मराठीत नुसतं ‘झालं’ म्हणाल तिथे बहुधा गॉट चालतं. जिथे ‘झालेलं होतं’ म्हणाल तिथे वॉज. बाकी ‘आय गॉट मॅरेज’ म्हणू नका, आणि कोणाशी लग्न झालं ते सांगताना ‘विथ’ऐवजी ‘टू’ वापरा.

करून घेणे आणि करायला लावणे

इथे मी जरा थांबणार आहे, कारण गेटचं हे सगळ्यात उपयोगी रूप आहे आणि ते आपल्याकडे नीट शिकवलंच जात नाही.

समजा सातबाऱ्यावर वडिलांचं नाव चुकलं होतं. तुम्ही तलाठी कार्यालयात अर्ज दिला, कागद जोडले आणि नोंद दुरुस्त करून घेतली. हे इंग्रजीत सांगताना बहुतेकजण ‘आय करेक्टेड माय सातबारा’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही स्वतः पेन घेऊन सरकारी कागदावर खाडाखोड केलीत! मराठीत तुम्ही ‘केलं’ म्हणणार नाही, ‘करून घेतलं’ म्हणाल. इंग्रजीत त्या ‘करून घेतलं’ला गेट हवं: ‘आय गॉट माय सातबारा करेक्टेड.’

रचना अशी: गॉट, मग वस्तू, मग तिसरं रूप. विहिरीवरची मोटर मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतली: ‘आय गॉट द मोटर रिपेअर्ड.’ केस कापून घेतले: ‘आय गॉट माय हेअर कट.’ नुसतं ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर हातात कात्री तुमच्या. क्रम बदलला तरी अर्थ बिघडतो, म्हणून वस्तू नेहमी मध्ये ठेवा.

आता करणारा माणूसही वाक्यात आणायचा असेल तर त्याच्यानंतर ‘टू’ आणि मूळ क्रियापद येतं. ‘आय गॉट द मेकॅनिक टू कम ऑन संडे.’ मेकॅनिकला रविवारी यायला लावलं, म्हणजे पटवून, विनंती करून, दोन फोन करून. इथे ‘मेड’ वापरलं तर जबरदस्तीचा वास येतो, आणि ‘मेड’नंतर ‘टू’ही येत नाही. घरच्या माणसाला, शेजाऱ्याला, साहेबाला एखादं काम करायला राजी केलं असेल तर गॉटच बरं. मोठ्या माणसाबद्दल बोलताना ‘मेड’ उद्धट वाटू शकतं.

‘टू’चा दुहेरी डाव

गेटनंतर ‘टू’ आणि लगेच क्रियापद आलं तर अर्थ होतो संधी मिळणे. मराठीत अगदी तसंच ‘बघायला मिळालं’ आहे. ‘वुई गॉट टू सी पाटणादेवी’ म्हणजे पाटणादेवी बघायला मिळाली. सुखाचं वाक्य.

पण ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावंच लागणार. इथे सक्ती आहे. घाईत बोलणारे ‘हॅव’ गिळतात आणि ‘आय गॉटा गो’ एवढंच ऐकू येतं. कागदावर ‘आय गॉट टू गो’ असं दिसलं तर दोन्ही अर्थ शक्य असतात: जायला मिळालं किंवा जावं लागेल. मागचं-पुढचं वाक्य बघून ठरवा. स्वतः लिहिताना सक्तीसाठी ‘हॅव टू’ लिहा, वाद मिटतो.

‘हॅव गॉट’ एवढंच असेल आणि पुढे वस्तू असेल तर अर्थ नुसता ‘असणे’. ‘आय हॅव गॉट थ्री एकर्स’ म्हणजे माझ्याकडे तीन एकर आहे. प्रश्न ‘हॅव यू गॉट’ने किंवा ‘डू यू हॅव’ने करा. दोन्ही एकत्र करून ‘डू यू हॅव गॉट’ करू नका.

गेटचे शेपूट-शब्द

अप, ऑफ, ओव्हर, बाय, थ्रू हे बारके शब्द जोडले की अर्थ पुन्हा फिरतो. यादी मोठी आहे. सुरुवातीला रोजच्या कामाचे तेवढेच घ्या.

बसचं आणि रेल्वेचं प्रकरण आधी सोडवा. एसटी, रेल्वे, विमान अशा मोठ्या वाहनात चढणे ‘गेट ऑन’, उतरणे ‘गेट ऑफ’. रिक्षा किंवा कारमध्ये बसणे ‘गेट इन’, उतरणे ‘गेट आउट’. आपल्याकडे ‘गेट डाउन ॲट भुसावळ’ सर्रास म्हणतात आणि भारतात ते सगळ्यांना समजतं. बाहेरच्या माणसाला मात्र ‘गेट ऑफ’ लवकर कळेल.

‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून बाहेर येणे. ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागवणे, दुष्काळी वर्षात कापसाच्या पैशावर भागवलं तसं. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे. आणि ‘आय विल गेट बॅक टू यू’ हे ऑफिसात रोज लागणारं वाक्य: बघून तुम्हाला कळवतो. नोकरीच्या फोनवर हे ऐकलं तर नकार समजू नका, होकारही समजू नका.

समजलं नाही तर ‘आय एम नॉट गेटिंग यू’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे. त्याऐवजी ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणा, आणि समोर वयाने किंवा पदाने मोठं कोणी असेल तर ‘सॉरी, आय डिडन्ट अंडरस्टँड’ हेच शोभतं.

कुठे वापरू नये

गेट हा बोलण्यातला शब्द आहे. विद्यापीठाला अर्ज, बँकेला पत्र, पोलिसांत तक्रार, संशोधनाचा प्रबंध, अशा लिखाणात तो कमी ठेवा. ‘गॉट युअर लेटर’ऐवजी ‘रिसीव्ह्ड युअर लेटर’, ‘गॉट वर्स’ऐवजी ‘बिकेम वर्स’, ‘गॉट टू मुंबई’ऐवजी ‘रीच्ड मुंबई’. ‘रीच्ड’पुढे ‘टू’ नको, हे जाताजाता. उलट मित्राला मेसेज करताना ‘आय रिसीव्ह्ड युअर मेसेज ॲन्ड बिकेम हॅपी’ लिहिलंत तर तो सरकारी कागद वाटेल. तिथे ‘गॉट युअर मेसेज’ पुरे.

सरावासाठी वेगळं पुस्तक लागत नाही. एक वही घ्या आणि रोज रात्री दिवसभराचं चार-पाच ओळींत लिहा: किती वाजता उठलो, कोणती बस मिळाली, कुठे पोचलो, काय करून घेतलं, काय करायला मिळालं, काय करावं लागलं. आधी मराठीत किंवा अहिराणीत, मग इंग्रजीत. प्रत्येक गेटखाली रेघ मारा आणि त्याच्या मागून काय आलं ते समासात लिहा: वस्तू, विशेषण, गाव, तिसरं रूप. महिन्याभराने समास कोरा राहायला लागला, म्हणजे न लिहिताही कळायला लागलं, की वही बंद करून बोलायला सुरुवात करा.